अपघात, घातपात आणि प्रमाद : कोसळलेल्या पुलांच्या कारस्थानकथा

१

पूल कोसळला, आगगाडी रुळांवरून घसरली, विमान पडले, की मराठी वृत्तपत्रांत एक मथळा हमखास येतो : 'अपघात की घातपात?' हा मथळा इतका रुळलेला आहे की भाषेने त्यात काय साधले आहे हे आपल्या लक्षात येत नाही. दोन्ही शब्दांत 'घात' आहे, पण त्यांचे व्याकरण भिन्न आहे. अपघात होतो, त्याला कर्ता लागत नाही. घातपात घडवून आणावा लागतो. कर्ता अज्ञात असला तरी वाक्यात त्याची जागा राखून ठेवलेली असते. मथळ्यातले प्रश्नचिन्ह ती रिकामी जागा वाचकापुढे ठेवते आणि ती भरण्याचे आमंत्रण देते. मोठ्या दुर्घटनेनंतर जी कथा ही जागा एखाद्या गुप्त, समर्थ आणि दुष्ट कर्त्याने भरते, तिला प्रस्तुत लेखात 'कारस्थानकथा' असे म्हटले आहे.

समाजशास्त्राने आणि राज्यशास्त्राने कारस्थानकथांचा विचार प्रामुख्याने समजुतीचा किंवा राजकीय वृत्तीचा एक प्रकार म्हणून केला. रिचर्ड हॉफस्टाटर यांनी १९६४ साली अमेरिकी राजकारणातील या प्रवृत्तीवर निबंध लिहिला, तेव्हा तिला नाव देताना त्यांनी 'शैली' हा शब्द योजला, हे साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. शैली असेल तर तिच्यामागे कथन असणार, आणि कथनाचे नियम तपासता आले पाहिजेत. ही तपासणी आपल्या विषयाबाहेरची नाही; उलट ती आपल्या स्वतःच्या पद्धतीपर्यंत येऊन पोहोचते, असे मला वाटते.

उदाहरण म्हणून एक अलीकडची घटना घेऊ. २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून श्रीलंकेकडे निघालेल्या 'दाली' या सुमारे ३०० मीटर लांबीच्या मालवाहू जहाजाची वीज गेली. ती परतली आणि पुन्हा गेली. अवघ्या चार मिनिटांत जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या एका खांबावर आदळले आणि १९७७ साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल काही क्षणांत नदीत कोसळला. जहाजावरील पायलटांनी आधीच संकटसंदेश दिला होता. त्यामुळे पोलिसांना दोन्ही टोकांची वाहतूक थांबवता आली आणि अनेकांचे प्राण वाचले. पुलावर मात्र रस्त्याच्या कामावरची आठ माणसे होती. त्यांपैकी सहाजण मरण पावले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वादोर या देशांतून आलेले हे कामगार रात्रपाळीत खड्डे बुजवीत होते.

दिवस उजाडण्याच्या आत कथा सुरू झाल्या. जहाजाच्या यंत्रणेवर संगणकाद्वारे हल्ला झाला. खांबांना आधीच सुरुंग लावलेले होते. जहाजाचा कप्तान युक्रेनी होता. २०२२ साली क्रिमियातील केर्च पुलावर झालेल्या स्फोटाचे चित्रण बाल्टिमोरचे म्हणून फिरवण्यात आले. ओबामा दांपत्याच्या निर्मितिसंस्थेचा सहभाग असलेल्या २०२३ च्या एका चित्रपटात एक तेलवाहू जहाज किनाऱ्यावर चढून येते; ते दृश्य म्हणजे कटाची पूर्वसूचना होती, असेही सांगितले गेले. जहाजावरील खलाशी बहुतांशी भारतीय आहेत हे कळल्यावर त्यांना अडाणी, अर्धनग्न माणसांच्या रूपात दाखवणारे व्यंग्यचित्र प्रसिद्ध झाले. तपासयंत्रणांनी घातपाताचा पुरावा नसल्याचे त्याच दिवशी सांगितले होते. त्याने कथा थांबल्या नाहीत. कारस्थानकथेत नकार हाच पुरावा ठरतो.

२

या कथा खोट्या आहेत एवढे म्हणून थांबणे सोपे आहे. पण त्या हव्याशा का वाटतात? याचे उत्तर देण्यासाठी काव्यशास्त्राच्या आरंभापाशी जावे लागते. 'पोएटिक्स'च्या नवव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल एका पुतळ्याचा दाखला देतो. आर्गोस नगरीत मिटिस नावाच्या माणसाचा पुतळा होता. मिटिसच्या मृत्यूला कारणीभूत झालेला मनुष्य तो पुतळा पाहत असताना पुतळा त्याच्याच अंगावर कोसळला आणि तो ठार झाला. अशा गोष्टी निव्वळ योगायोगाने घडल्या असे वाटत नाही, आणि म्हणून अशी कथानके अधिक सरस, असे ॲरिस्टॉटलचे मत आहे. त्याने पुतळ्याला हेतू होता असे म्हटलेले नाही. हेतू असल्यासारखे 'वाटते' आणि त्या वाटण्यातून विस्मय निर्माण होतो, एवढेच त्याचे म्हणणे आहे. कारस्थानकथाकार हा 'वाटते' पुसून टाकतो. कथानकाचा गुण तो जगाचा गुण मानतो.

कथानक कार्यकारणाची साखळी मागते; शिवाय ते प्रमाणही मागते. भव्य परिणामाला भव्य कारण हवे. एवढा पूल पडला तर त्यामागे तेवढीच मोठी इच्छाशक्ती असली पाहिजे. बाल्टिमोरच्या बाबतीत प्रत्यक्षात काय आढळले? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १८ नोव्हेंबर २०२५ रोजी आपला निष्कर्ष मांडला. जहाजाच्या विद्युत्-यंत्रणेतील एक तार तिच्या खोबणीत पुरती बसलेली नव्हती. तारेच्या टोकाशी ओळखीसाठी चढवलेले लेबल चुकीच्या जागी आल्यामुळे ती आत जाण्यास अडथळा झाला होता. जोडणी सैल राहिली, सर्किट ब्रेकर उघडला, वीज गेली. दुसऱ्या वेळी वीज जाण्यामागे इंधनासाठी वापरलेला, त्या कामासाठी नसलेला पंप होता. तो आपोआप पुन्हा सुरू होणारा नव्हता.

म्हणजे, हजारो टनांच्या पोलादी पुलाच्या पतनाच्या मुळाशी एक लेबल होते. काही अक्षरे लिहिलेला एक छोटा तुकडा. कथानकाच्या दृष्टीने हे कारण अपमानास्पद आहे. श्रोत्याची भूक त्याने भागत नाही.

अक्षराएवढ्या कारणाची कथा मराठी मनाला अपरिचित नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यामागे कट होता, आणि रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी धरले ही गोष्ट आपल्या सामूहिक स्मृतीत अभिमानाने जपलेली आहे. पण या कटाचे जे रूप लोकांच्या तोंडी राहिले ते 'ध चा मा'चे : आनंदीबाईंनी 'धरावे'चे 'मारावे' केले. या फेरफाराला विश्वसनीय कागदोपत्री आधार नाही, तरी वाक्प्रचार मात्र भाषेत कायमचा रुजला. येथे दोन गोष्टी दिसतात. पहिली, कट असतात. कारस्थानाचा प्रत्येक संशय हा भ्रम नसतो. दुसरी, खरा कटसुद्धा कथा होताना अनेकांचे हितसंबंध, थकलेले पगार, गारद्यांचा असंतोष या साऱ्यांची गुंतागुंत गाळून टाकतो आणि एका अक्षरावर, एका स्त्रीवर येऊन स्थिरावतो. 'ध चा मा'तले अक्षर क्षुल्लक असूनही कथेला चालते, कारण ते हेतुपूर्वक बदललेले आहे. तारेवरचे लेबल चालत नाही, कारण त्यामागे हेतू नाही.

कार्ल पॉपर यांनी समाजविषयक कारस्थान-सिद्धान्ताची तुलना होमरच्या देवांशी केली होती. ट्रॉयच्या मैदानावर जे घडते ते ऑलिंपसवरील कारस्थानांचे प्रतिबिंब. देव गेले, त्यांच्या जागा बलाढ्य गटांनी घेतल्या. या विवेचनाला कथनमीमांसेची जोड दिली तर असे म्हणता येईल की देव गेले तरी त्यांची कथनातली जागा गेली नाही. आपल्याकडे या जागेवर दैव असते. ३१ मार्च २०१६ रोजी कोलकात्यात बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळून वीसहून अधिक माणसे मेली, तेव्हा बांधकाम करणाऱ्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याने ती देवाची करणी असल्याचे म्हटले होते. दैवकथा आणि कारस्थानकथा परस्परविरोधी दिसतात. एक म्हणते कुणीच केले नाही. दुसरी म्हणते 'त्यांनी' केले. पण दोहोंत ज्याने खरोखर काही केले किंवा करायचे राहू दिले, तो माणूस दिसेनासा होतो.

३

कारस्थान हे कथेने स्वतः कथा म्हणून मिरवले तर काय होते, याचे एक विलक्षण उदाहरण जर्मन साहित्यात आहे. २८ डिसेंबर १८७९ रोजी, वादळी रविवारच्या संध्याकाळी, स्कॉटलंडमधील टे नदीच्या मुखावरचा रेल्वेपूल कोसळला आणि त्यावरची गाडी सर्व उतारूंसह पाण्यात गेली. त्या काळी मृतांची संख्या सुमारे ७५ मानली गेली. एकही माणूस वाचला नाही. गाडी रविवारी धावत होती, म्हणून हा विश्रांतिदिन मोडल्याबद्दलचा ईश्वरी कोप, असे काही धर्मनिष्ठांनी म्हटले. थेओडोर फोंटाने यांनी मात्र काही दिवसांतच एक बॅलड लिहिले. ते १८८० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. त्यात शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'मधल्या तीन चेटकिणी परत येतात, पूल पाडण्याची वेळ आणि जागा ठरवतात आणि शेवटी आपल्या करणीचा हिशेब मांडतात. मध्ये आहे पुलाजवळच्या घरात नाताळसाठी येणाऱ्या मुलाची वाट पाहणारे आईबाप, आणि वाफेच्या बळावर पूर्ण भरवसा ठेवून गाडी हाकणारा तो मुलगा.

रचनेच्या दृष्टीने ही संपूर्ण कारस्थानकथाच आहे : कट, अंमलबजावणी आणि कट करणाऱ्यांची बैठक. तरीही ती वाचून कुणी चेटकिणींच्या शोधाला निघाले नाही. फ्रँक कर्मोड यांनी 'द सेन्स ऑफ ॲन एंडिंग' (१९६७) मध्ये कल्पितकथा आणि मिथक यांत जो भेद केला आहे तो येथे उपयोगी पडतो. आपण रचले आहे याचे भान सुटले की कल्पिताचे मिथक होते. फोंटाने यांनी चेटकिणी दुसऱ्याच्या नाटकातून उसन्या आणल्या आणि तो उसनेपणा उघड ठेवला. यंत्रयुगाच्या आत्मविश्वासाला कुठेतरी तडा गेला आहे, हे त्यांना म्हणायचे होते. चेटकिणी हे त्या म्हणण्याचे रूप होते. कारस्थानकथेची चेटकीण रूप म्हणून येत नाही. तिला नाव असते, धर्म असतो, देश असतो, आणि जमाव तिला शोधायला निघू शकतो. खलाशांना 'दाली'वर कित्येक आठवडे अडकून पडावे लागले, आणि बाहेर त्यांच्याविषयी कथा रचल्या जात होत्या, हे येथे आठवावे.

टे पुलाच्या चौकशीत लपवाछपवी आढळली नाही असे नाही. ओतकामातल्या पोकळ्या मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या मिश्रणाने बुजवल्या जात, अशा साक्षी झाल्या. देखरेखीच्या माणसाने सैल झालेल्या लोखंडी पट्ट्यांत पाचरी घालून त्या घट्ट केल्या आणि ही गोष्ट मूळ अभियंत्याला कळवली नाही. चौकशी न्यायालयाने रचना, बांधकाम आणि देखभाल या तिन्ही बाबतींत पूल सदोष ठरवला. पूल कोसळला त्याच वर्षी सरदारकी मिळालेले अभियंता सर टॉमस बाउच यांची कीर्ती धुळीला मिळाली आणि १८८० च्या ऑक्टोबरात ते वारले. या साऱ्यात खलनायक कोण? मेण भरणारा कामगार? पाचर मारणारा माणूस? वाऱ्याच्या दाबाचा पुरेसा हिशेब न करणारा अभियंता? प्रत्येकाने काहीतरी केले होते, आणि पूल पाडावा असे त्यांच्यातल्या एकाच्याही मनात नव्हते.

या प्रकारच्या कृतीसाठी आपल्या भाषेत एक जुना, नेमका शब्द आहे : प्रमाद. प्रमादाला कर्ता असतो, पण हेतू नसतो. वृत्तपत्राच्या मथळ्यात दोनच पर्याय दिलेले असतात. हा तिसरा तेथे नसतो. अपघातात कर्ता नाही, घातपातात कर्ता आणि हेतू दोन्ही आहेत; कर्ता आहे आणि हेतू नाही, ही शक्यता मथळ्याच्या व्याकरणात बसत नाही. ॲरिस्टॉटलच्या 'हॅमर्शिया' या संज्ञेचे मराठीत 'प्रमाद' असे भाषांतर करता येते, हा केवळ भाषिक योगायोग मानू नये. शोकांतिका प्रमादावर उभी असते; मेलोड्रामाला खलनायक लागतो. कारस्थानकथा शोकांतिकेचा विषय उचलते आणि त्याचा मेलोड्रामा करते. परिणामी करुणा आणि भीती यांच्या जागी तिरस्कार येतो.

४

मात्र एक प्रश्न उरतोच. अहवालाला कारण सापडले. पण हीच सहा माणसे का? थॉर्नटन वाइल्डर यांची 'द ब्रिज ऑफ सान लुइस रे' (१९२७) ही कादंबरी या प्रश्नावर उभी आहे. २० जुलै १७१४ रोजी पेरूमधील एक झुलता पूल तुटतो आणि पाचजण दरीत पडतात. ते पाहणारा ब्रदर जुनिपर हा फ्रान्सिस्कन साधू ठरवतो की या पाचांच्या आयुष्यांचा बारकाईने शोध घेतला तर ईश्वरी योजना सिद्ध करता येईल. तो वर्षानुवर्षे दारोदार फिरतो, टिपणे करतो, माणसांच्या चांगुलपणाला आणि उपयुक्ततेला गुण देतो. गणित जुळत नाही. शेवटी त्याचा ग्रंथ पाखंडी ठरतो आणि ग्रंथाबरोबर त्यालाही जाळण्यात येते.

जुनिपर हा श्रद्धावान आहे, पण त्याची पद्धत कारस्थानकथाकाराची आहे : योजना आहे हे आधीच ठरलेले, आता फक्त पुरावा गोळा करायचा. वाइल्डर त्याला हास्यास्पद करीत नाहीत. त्याचा प्रश्न ते स्वीकारतात आणि उत्तर नाकारतात. कादंबरीचा मोठा भाग पाच मृतांच्या आणि त्यांच्या जिवलगांच्या आयुष्यांना दिलेला आहे. मूळ गमक आपल्याही हातून निसटले असेल, अशी कबुली निवेदक देऊन ठेवतो. 'हेच का?' याचे उत्तर मिळत नाही, पण 'हे कोण?' हे मात्र कळते.

या निकषावर बाल्टिमोरच्या कारस्थानकथा तपासून पाहाव्यात. त्यांत राष्ट्राध्यक्ष आहेत, गुप्तहेर आहेत, परकी राष्ट्रे आहेत, चित्रपटनिर्माते आहेत. खड्डे बुजवणारे सहा कामगार नाहीत. असलेच तर संख्या म्हणून. जे मेले त्यांना त्यांच्याच मृत्यूच्या कथेत पात्राचे स्थान नाही. माझ्या मते कारस्थानकथेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे. ती खोटी असते हा त्यानंतरचा.

आता सुरक्षा मंडळाच्या निष्कर्षांकडे पाहा. जीवितहानीला हातभार लावणाऱ्या गोष्टींत मंडळाने एक बाब नोंदवली : पूल रिकामा करा, असे कामगारांना तत्काळ कळवण्याची परिणामकारक व्यवस्था नव्हती. संकटसंदेश पोलिसांपर्यंत पोहोचला, वाहतूक थांबली. पुलावर असलेल्यांपर्यंत तो पोहोचला नाही. यापूर्वी, २०२५ च्या मार्चमध्ये, मंडळाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. जहाजाच्या धडकेने हा पूल पडण्याचा धोका किती, हे त्याच्या व्यवस्थापनाने कधी मोजलेच नव्हते. मोजले असते तर तो मान्य मर्यादेच्या जवळजवळ तीसपट भरला असता. १९ राज्यांतील ६८ पुलांची अशी तपासणी व्हावी, अशी शिफारस तेव्हा करण्यात आली. सुरुंगाच्या कथेला या आकड्यांची गरज नव्हती. पुढच्या पुलावर रात्री काम करणाऱ्या माणसाला मात्र ती आहे.

अहवालाची भाषा निर्दोष आहे असे मला सुचवायचे नाही. कर्मणी आणि भावे प्रयोगांत लिहिलेले गद्य 'कळवले गेले नाही', 'मोजले गेले नाही' म्हणत कर्त्याला पडद्याआड नेऊ शकते. कारस्थानकथेला बळ मिळते ते पुष्कळदा अशा गद्यातून. फ्रेडरिक जेम्सन यांनी १९८८ साली म्हटले होते त्याचा आशय असा, की कारस्थानाची कल्पना म्हणजे आवाक्याबाहेरच्या व्यवस्थेचा नकाशा काढण्याचा साधनहीनांचा प्रयत्न होय. त्यात तथ्य आहे. ज्याला कुणी काही कळवत नाही, त्याने कुणीतरी काहीतरी लपवत आहे असे समजणे अस्वाभाविक नाही. पण हा नकाशा ज्याच्या हाती पडतो त्याला तो जबाबदाराच्या दारापर्यंत नेत नाही. तो बहुधा शेजारच्या परक्याच्या दारापाशी नेऊन सोडतो.

५

शेवटी आपल्या घराकडे वळू. एम. ए. च्या वर्गात संशयाच्या अर्थनिर्णयनावर, म्हणजे मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना रिकर यांनी ज्या एका संज्ञेखाली आणले तिच्यावर, बोलत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, कवितेत काहीच आपोआप येत नाही, असं तुम्ही शिकवता. मग जगात येतं हे आम्ही का मानायचं?" मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. गेली कित्येक वर्षे आपण विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहोत की पृष्ठभागावर विश्वास ठेवू नये, मौनही अर्थपूर्ण असते, संहिता जे नाकारते तेच तिचे गुपित असते. ही सूत्रे जशीच्या तशी कारस्थानकथाकाराच्या हाती दिली तर त्याला त्यांत एक शब्दही बदलावा लागणार नाही.

आज मला वाटते की उत्तर आपल्याच विद्याशाखेच्या एका उपेक्षित अंगात आहे : पाठचिकित्सेत. हस्तलिखितांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला हे रोजचे असते. पाठभेद दिसला की तो तीन शक्यता तपासतो : कुणी जाणून बदल केला का, अक्षर झिजले वा पान फाटले का, की नकलणाऱ्याची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरली? या तिसऱ्या शक्यतेला आपली परंपरा लेखनप्रमाद म्हणते. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करताना एकनाथांपुढे हस्तांतरणात साचलेली जी अशुद्धे होती, त्यांतली सगळी कुणा दुष्टाने घातलेली नव्हती. तरीही ती दुरुस्त करणे आवश्यक होते. प्रत्येक पाठभेदात हेतू पाहणारा संपादक वाईट संपादक असतो. एकाही पाठभेदाची कारणमीमांसा न करणारा त्याहून वाईट. प्रमाद म्हणजे कारणाचा अभाव नव्हे. अपुरा उजेड, दोन ओळींच्या शेवटी येणारा सारखाच शब्द, नकलणाऱ्याचा थकवा ही त्याची कारणे असतात, आणि ती शोधता येतात.

संशय सोडून द्यावा असे यातून निघत नाही. संशयाला प्रमादाची शक्यता शिकवावी, एवढे निघते. ज्या वाचनाला ही शक्यता ठाऊक आहे ते खोडून काढता येते, कारण ते पुराव्यासाठी जागा ठेवते. ज्याला ती ठाऊक नाही ते कधीच हरत नाही. त्याच्या अजिंक्यपणातच त्याचा दोष आहे.

त्या विद्यार्थ्याला आता मी असे सांगेन : कवितेतसुद्धा मुद्रणदोष असतो, आणि तो ओळखता येणे हा वाचनाचाच भाग आहे. जगात तर तो तारेवरच्या लेबलात असतो. ते लेबल कुणी चढवले, कुणी तपासले नाही, आणि पुलावरच्या आठ माणसांना हाक मारण्याची सोय का नव्हती, हे प्रश्न विचारायला कटाची गरज पडत नाही.